माडीवरच्या थंड महाशयांस

रा. रा. वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर महाशय,
माडीवरची खोली, मु. पो. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा संध्याकाळी आपण आपल्याच ग्राफिक्स कार्डावर निळसर पाण्याचा एक थेंब सोडलात. थेंब लहान होता. कार्डाचं बिल लहान नव्हतं. चिरंजीवांचा चेहरा उतरला, पण आपल्या काचेच्या कपाटातले रंगीत दिवे तसेच नाचत राहिले. तेव्हा म्हटलं, आता चार शब्द उघडच लिहावेत.

आपल्या सरबराईत आम्ही काही कमी केलं नव्हतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बादल्या रांगेत लागतात. आपल्याला मात्र डिस्टिल्ड वॉटर, त्यात ग्लायकॉल, वर गंज चढू नये म्हणून औषध. बोअरचं पाणी आपल्याला चालत नाही, क्षार बसतात म्हणे. आमच्या मूत्रपिंडांनी अशी अट कधी घातली नाही. घरात एवढं शुद्ध पाणी आजवर फक्त इन्व्हर्टरच्या बॅटरीने प्यायलं होतं, पण ती बिचारी कोपऱ्यात गप्प बसते.

विकताना सांगितलं होतं की आपण थंड असता. पाणी हवेच्या मानाने किलोमागे चौपट उष्णता धरतं, हे खरंच आहे. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चकती, तिच्यावरून वाहणारं पाणी, ते फिरवणारा पंप, पुढे रेडिएटर आणि त्याला पंखे, असा आपला संसार. पण महाशय, ती उष्णता जाते कुठे? त्याच खोलीत! खेळ रंगात आला की चारशे-पाचशे वॅट वीज ओढता आणि जवळपास सगळी उष्णता करून आमच्याच अंगावर सोडता. मे महिन्यात माडीवरचा पारा 40 च्या पुढे असतो, तेव्हा आपल्या नळीतलं पाणी त्याहून गरमच राहणार. रेडिएटरला खोलीपेक्षा थंड होता येत नाही. वाळ्याचा कूलर गारवा देतो कारण त्यातलं पाणी उडून जातं. आपलं बंद नळीत गोल गोल फिरतं. त्यातून बऱ्याच तयार संचांत पाणी 60 अंशांच्या वर जाऊ देऊ नका असंही बनवणारेच सांगतात. म्हणजे आपल्याला थंड ठेवायला शेवटी खोली थंड ठेवायची आम्हीच.

आता गळतीचं. गळतीची आम्हाला नवलाई नाही. ठिबकची नळी कुठे सुटली हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. तो टेफ्लॉन टेप आणि एम-सील घेऊनच जिना चढला. चिरंजीवांनी त्याला दारातच अडवलं, आणि ते बरोबरच होतं. आपल्या सांध्यांचे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. तिथे पाणी अडवते ती रबराची बारीक ओ-रिंग. टेप गुंडाळली तर तिचे तुकडे सुटून पंपात अडकायचे, आणि पाना लावून आवळलं तर रिंगच चिरडायची. हाताने घट्ट केलं की पुरे. प्लंबर म्हणाला, "मग हिला नळाचं वायसर का म्हणत नाही?" मला तरी त्याला उत्तर सुचलं नाही.

शोध लागला तो एका कोरड्या टिश्यू पेपरने. नळीचा एकेक सांधा टिपून पाहिला. पंपाजवळचा कोरडा, रेडिएटरचे दोन्ही कोरडे. कार्डावरच्या सांध्याखाली कागदाच्या टोकाला मोहरीएवढा निळा डाग उमटला. सांधा सोडवला तर ओ-रिंग खाचेतून अर्धी बाहेर आलेली, कडेला चपटी झालेली. एवढ्याशा रबरापायी हा सगळा तमाशा.

बरं, डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, मग भीती कसली, असं दुकानदार म्हणाला होता. बाटलीत असेपर्यंत ते ठीक. तांबं, निकेल आणि धूळ यांच्या संगतीत महिनोन्‌महिने फिरलेलं पाणी शुद्ध कुठलं राहायला? त्यात कोणी तांब्याच्या चकतीला स्वस्तातला अॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडला असेल, तर दोन धातूंची आतल्या आत भांडणं लागतात, अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि मग रेडिएटरच पाझरतो.

आपल्यावर उपचार असे झाले: भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, पाणी उपसलं, कार्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि पंख्याखाली वाळत ठेवलं. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर कपाटात होतं, पण त्यात पाणी आणि ग्लिसरीन, म्हणून ते बाद. आजीने तांदळाचा डबा पुढे केला. कार्ड त्यात मावेना, आणि मावलं असतं तरी तांदळाने पाणी ओढलं नसतं, पीठच चिकटलं असतं. चिरंजीव म्हणतात, चांगलं दोन दिवस वाळल्याशिवाय वीज लावायची नाही.

आपल्या घराण्याचा मान आम्ही जाणतो. आयबीएमची मोठी यंत्रं 1960 च्या दशकात पाण्यावर थंड होत. 1985 चा क्रे-2 महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या द्रवात अख्खाच बुडवलेला होता. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकाचंही शीतकरण द्रवावरच चालतं. पण तिथे त्यांच्यावर लक्ष ठेवायला पगारी माणसं असतात. घरगुती यंत्रांचं म्हणाल तर 2004 साली अॅपलने पॉवर मॅक जी5 चं एक मॉडेल पाण्यावर थंड ठेवलं, आणि त्यातले काही पुढे गळलेच.

आणि गळणाऱ्या पाण्याशी कसं वागावं हे शिकायला कन्नडकराला पुण्याला जायची गरज नाही. गौताळ्याच्या रानातली पितळखोऱ्याची लेणी इसवीसनाच्या आधीची. पायऱ्यांजवळ कोरलेल्या नागाच्या फण्यांतून पाणी बाहेर पडावं, अशी सोय तिथल्या कारागिरांनी केली. तरीही तडकलेल्या कातळात पाणी मुरत राहिलं आणि लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले. दोन हजार वर्षं टिकलेल्या दगडाची ही गत, आणि आपली भिस्त रबराच्या रिंगेवर.

तेव्हा आमच्या अटी. नवी रिंग बसल्यावर बोर्ड आणि कार्ड यांची वीज तोडून फक्त पंप चोवीस तास चालवला जाईल. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू असेल. एकही डाग दिसला तर आपण पुन्हा वाळत पडाल. पंप सगळ्यांत उंचावर बसणार नाही, नाहीतर हवा तिथेच साठते आणि आपण रात्रभर गुरगुरता. दर महिन्याला टॉर्च लावून तपासणी. हे झेपत नसेल तर आपल्या जागी हवेचा मोठा कूलर येईल: तांब्याच्या नळ्या, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि दोन पंखे. त्यात फार तर पंखा बिघडतो, आणि तो नवा आणायला कोणाचा दागिना मोडायला लागत नाही. माडीवरच्या घरगुती कॉम्प्युटरला तेवढं भरपूर झालं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कळावे,
आपला,
वीजबिल भरणारा