काठी धरणे

लेकीच्या आर्ट कॉलेजात या सत्राला विषय मिळाला, 'स्ट्रक्चर'. आमच्या इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राला 'बाजाराचा देखावा' आला की घोड्याचे पाय कुठून वाकतात हे आठवत नसलं तरी चालायचं. घोड्यापुढे भाजीवाली बसवली की पाय गायब. 'स्ट्रक्चर'मध्ये ही सोय नाही. तिथे भाजीवालीच काढून टाकायची आणि पायच दाखवायचे.

लेकीने सुरुवात माझ्या छत्रीपासून केली. ऐन जुलैत तिचं कापड उसवलं आणि काड्यांचा सापळा पंख्याला टांगला. "बाबा, बघा ना, किती प्रामाणिक वाटतेय." मी भिजत ऑफिसला गेलो. मग टेबललॅम्पची शेड गेली, सोफ्याच्या गादीखालच्या पट्ट्या उघड्या झाल्या. आम्ही हयातभर वायरी, पाइप आणि पोपडे झाकण्यात पैसे घातले. आता त्याच घरात झाकलेलं उघडं करायचे मार्क मिळणार होते.

नाक्यावर गणपतीचा मांडव उभा राहत होता. तिथे ही वही घेऊन रोज हजर. बांबूवर बांबू आडवा टाकून, पायाने दाबून, काथ्याचे वेढे देणारे हात ती काढत बसायची. मांडववाल्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं. "ताई, आत्ता काय बघता? कापड लागल्यावर या, झुंबरं येणारेत." ताई झुंबरं लागल्यावर तिकडे फिरकल्याच नाहीत. माझंही मत गुपचूप तिच्याच बाजूने आहे. नुसत्या बांबूंचा मांडव मला सजलेल्या मांडवापेक्षा देखणा वाटतो. पण वर्गणी देणाऱ्याने हे बोलू नये.

शेवटी तिला हवा तो माणूस सापडला, केनेथ स्नेल्सन. 1948 साली हा अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात उन्हाळी वर्गाला गेला. शिकवायला बकमिन्स्टर फुलर. घरी येऊन पोराने अशी शिल्पं केली, की त्यांतले दांडे एकमेकांना न टेकता, केवळ ताणलेल्या दोऱ्यांवर हवेत उभे. गुरुजी खूश झाले, पुढे त्यांनी त्या तत्त्वाचं 'टेन्सेग्रिटी' असं बारसं केलं आणि श्रेयही बरंचसं त्यांच्याच खात्यात जमा झालं. स्नेल्सनला ते शेवटपर्यंत सललं. (स्टुडंट प्रोजेक्टची ही परंपरा तिकडेही आहे, हे वाचून बरं वाटलं.) त्याने मग 1968 मध्ये अठरा मीटर उंच 'नीडल टॉवर' उभा केला. तो वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न म्युझियमकडे आहे.

आमच्याकडे हॉलमध्ये. धाकटी आवृत्ती म्हणजे सहा काठ्या, चोवीस दोऱ्या. या प्रकारात गंमत अशी, की शेवटच्या दोरीला ताण बसेपर्यंत तो नुसता पसारा असतो. म्हणून तोवर काठ्या माणसांनी धरायच्या. दोन मी, दोन बायकोने, दोन माझ्या आईने. लेक मधे बसून गाठी मारतेय. "आजी, तुझी डावी जरा वर. बाबा, श्वास हळू घ्या." एवढ्यात बेल वाजली. कुणी हललं नाही. दूधवाला बराच वेळ वाजवून निघून गेला. शेवटची गाठ बसली आणि "सोडा!" म्हटल्यावर ते खरोखर उभं राहिलं. काठीला काठी कुठेही लागत नव्हती.

आई चष्मा पुसून म्हणाली, "आमच्या वाड्यातल्या सहा जावा गं अगदी! सगळ्या ताणून, पण कुणी कुणाला लागायची नाही." लेकीने ते वाक्य तसंच्या तसं कन्सेप्ट नोटमध्ये घातलं. बाकीच्या नोटमध्ये 'अवकाश', 'स्मृती' आणि 'अस्वस्थता' होती. ती सगळ्यांच्याच नोटमध्ये असते म्हणे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मार्क वस्तूपेक्षा 'प्रोसेस'ला जास्त. म्हणजे ही कल्पना कशी सुचली, कुठे फसली, याची भरगच्च स्केचबुक हवी. वस्तू तयार होती; आता फसलेल्या कल्पना सुचायला हव्या होत्या. लेक रात्रभर जागून उत्स्फूर्त खोडाखोड करत होती. एका पानावर तिने चहाच्या कपाचा डाग पाडला, तो मनासारखा गोल आला नाही म्हणून पान बदलून पुन्हा पाडला.

सबमिशनच्या दिवशी कळलं, की स्ट्रक्चर रिक्षात मावत नाही. दोऱ्या सोडल्या, काठ्यांची मोळी बांधली आणि ती गेली. अकराला फोन. "बाबा, इथे आम्ही दोघीच मोकळ्या आहोत. मी गाठी मारणार, ती दोन काठ्या धरेल. तुम्ही आणि आई या ना!"

अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. 'काठी धरणे' असं लिहून अर्ज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचलं, सुस्कारा सोडला आणि सही केली. त्यांचा मुलगा आर्किटेक्चरला आहे.