‘एकदा बघायला हरकत नाही’ : सिनेमावर मत देण्याची सुलभ मार्गदर्शिका

सिनेमावर मत देण्यासाठी तो पाहिलेला असलाच पाहिजे असे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. उगाच नवख्यांच्या मनावर दडपण नको. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. पण ट्रेलरमधल्या लेझीमवरून वाद जानेवारीतच पेटला होता आणि ते दृश्य काढून टाकत असल्याचे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी प्रदर्शनाआधीच जाहीरही केले होते. म्हणजे ज्यांनी धावतपळत पहिल्या दिवशीचा पहिला खेळ गाठला, ते मत देणाऱ्यांच्या रांगेत चांगले दोन-तीन आठवडे मागे उभे होते.

तरीही काही जणांना सिनेमा पाहून मगच बोलायची खोड असते. ती सहजासहजी जात नाही. अशा मतेच्छूंना सोसायटीच्या गच्चीवर, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चारचौघांत उठून दिसेल असे बोलता यावे, म्हणून पुढील सूचना.

१. आधी पाकीट तपासावे

मत पटकथेवर कमी आणि पावतीवर जास्त अवलंबून असते. चौघांची तिकिटे, दोन पॉपकॉर्न, पाण्याची बाटली आणि पार्किंग एवढे ज्याच्या खिशातून गेले, त्याला सिनेमा वाईट निघून परवडत नाही. बाहेर पडताना तो ‘फोटोग्राफी मात्र अप्रतिम’ असे काहीतरी पुटपुटतो आणि जिना उतरेपर्यंत त्याचे त्यालाच ते पटलेले असते. उलट ज्याला मेव्हण्याने आग्रहाने नेले, मध्यंतरात वर समोसाही खाऊ घातला, तो निःस्पृह. पटकथेतली भोके त्याला समोसा संपायच्या आत दिसू लागतात. सर्वांत परखड मात्र घरी बसून पाहणारा, कारण त्याचे ओटीटी भाच्याच्या पासवर्डवर चालते.

२३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्सांनी ७५ रुपयांत तिकीट दिले. त्या दिवशी कोणताही सिनेमा ‘वेळ आणि पैसा दोन्ही वाया’ या सदरात बसणे अवघड होते. फार तर वेळ.

२. थिएटरात पडद्याबरोबर प्रेक्षकही पाहावा

२९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला, तेव्हा मत द्यायची संधी फार थोड्यांना मिळाली. बाकीचे नाचत होते. अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी थेट हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. इकडे ‘झिंगाट’ सुरू झाले की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत उतरत आणि शिट्ट्यांपुढे स्पीकरचे काही चालत नसे. आणि मग शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शक सगळा आवाजच काढून घेतो. गाणे नाही, संगीत नाही, संवादही नाही. मघाशी नाचलेली मंडळी बाहेर पडताना एकमेकांकडे बघायचे टाळत होती.

अशा सिनेमानंतर पार्किंगमध्ये मत देऊ नये. गाडी काढावी, घरी जावे, दुसऱ्या दिवशी बोलावे. ‘पण गाणी छान होती’ हे वाक्य तर त्या रात्री मुळीच काढू नये.

३० जून २०२३ला आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने वेगळाच पेच उभा केला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढ्या भांडवलावर या सिनेमाने भिशी मंडळे, शाळेच्या जुन्या बॅचेस आणि अख्ख्या सोसायट्यांमधल्या बायका थिएटरात आणल्या. कुणी नऊवारी नेसून, कुणी नऊवारीवर गॉगल लावून. मध्यंतरात लॉबीत ग्रुप फोटो निघे, कुणीतरी वॉशरूममध्ये राहिलेली असे, म्हणून तो पुन्हा निघे, आणि तोवर आत सिनेमा सुरू झालेला असे. सोबत आलेल्या यजमानांसाठी सूचना एकच : तुमचे मत कोणी मागितलेले नाही. पर्सेस नीट धराव्यात आणि फोटो काढताना सगळ्यांचे पाय फ्रेममध्ये येतील असे पाहावे.

३. घरी पाहताना शब्द जपून वापरावेत

घरी सिनेमा पाहणे म्हणजे अडीच तासांचा सिनेमा तीन रात्रींत पुरवणे. पहिल्या रात्री कुकरची शिट्टी, दुसऱ्या रात्री ‘हा कोण, काल मेला ना?’ असा मध्येच आलेल्या आईंचा प्रश्न, तिसऱ्या रात्री झोप. तरीही चौथ्या दिवशी डब्याच्या टेबलावर ‘सेकंड हाफमध्ये ढेपाळला’ असे ठामपणे सांगता आले पाहिजे. सेकंड हाफ ढेपाळला की प्रेक्षक, हे तिथे कोण तपासायला येणार?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ या बाबतीत सरावासाठी उत्तम. २०२०मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये तो नेटफ्लिक्सवर, म्हणजे दिवाणखान्यात, आला. नायक शरद रात्रीच्या मुंबईत मोटारसायकलवरून जातो. रस्ता जवळपास रिकामा, गाडी अतिशय संथ, मागे तानपुरा आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचे बोल. हा आवाज सुमित्रा भावे यांचा. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेला गायक आहे. थिएटरात हा प्रसंग अंगावर येतो. घरी मात्र अर्ध्या मिनिटात कुणीतरी विचारते, ‘नेट गेलं का रे?’ मग एक जण रिमोटची बटणे दाबतो, दुसरा राउटरपाशी जाऊन दिवे मोजतो, आणि माई साधनेविषयी जे सांगत असतात ते या गडबडीत निघून जाते. पुढे मत येते, ‘चांगला आहे, पण संथ आहे.’

याच्या उलट टोकाला ‘ओपनहायमर’. २१ जुलै २०२३ला आलेला, तीन तासांचा हा सिनेमा ख्रिस्तोफर नोलन यांनी आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर चित्रित केला. ७० मिलिमीटरच्या त्या फिल्मची एक प्रिंट सुमारे ११ मैल लांबीची. ती जशीच्या तशी दाखवणारे पडदे तेव्हा जगभरात ३०च्या आसपास होते आणि भारतात एकही नव्हता. आपल्याकडे अशा सिनेमाला मध्यंतर नसले तरी कात्री लावून ते पाडतात, आणि पहिला अणुस्फोट होतो तेव्हा निम्मे थिएटर पॉपकॉर्नच्या रांगेचा हिशेब करत असते. एवढा खटाटोप केलेला सिनेमा पुढे डोंबिवली ते दादर प्रवासात, शेजारच्याच्या कोपरामागून, सहा इंची पडद्यावरही पाहिला गेला. अशा प्रेक्षकाने ‘व्हिज्युअल्स भारी’ म्हणण्याचा मोह आवरावा. ‘संवाद जास्त आहेत’ हे सुरक्षित, कारण हेडफोन मात्र चांगले होते.

४. शब्दसंग्रह

मत कसेही असले तरी पुढील वाक्ये तोंडपाठ असावीत.

‘एकदा बघायला हरकत नाही’ : पाहिला, पण काय पाहिले ते आता आठवत नाही.

‘कामं छान झालीत सगळ्यांची’ : नाटकाच्या तालमीपासून चालत आलेले वाक्य. ओळखीचे कुणी सिनेमात असल्यास अनिवार्य.

‘वेगळा प्रयत्न आहे’ : झोप लागली होती.

‘हा सगळ्यांसाठीचा सिनेमा नाही’ : झोप लागली होती, पण माझ्यासाठी मात्र आहे.

‘लांबला जरा’ : कुठलाही सिनेमा, कुठल्याही दिवशी, न पाहताही.

५. ‘मूळ पाहिलाय का?’

हे चर्चेतले ब्रह्मास्त्र. समोरच्याने ‘दृश्यम’ची स्तुती सुरू केली की शांतपणे म्हणावे, ‘मोहनलालचा पाहिलास?’ जीतू जोसेफ यांचा मल्याळम सिनेमा २०१३चा. हिंदी अवतार २०१५चा, आणि तो केला ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामत यांनी. समोरचा मल्याळमही पाहिलेला निघाला तर डगमगू नये, २०१९च्या चिनी अवताराकडे वळावे. तिथे सहसा कोणी पोचलेले नसते.

हे अस्त्र उलटते, तेही ठाऊक असावे. ‘धडक’ला नावे ठेवताना ‘सैराट’ पुढे करणे सोपे आहे. करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरला नेताना तिच्यातली जात कशी पातळ झाली, यावर तासभर बोलता येते आणि ते बोलणे खरेही असते. पण त्याच बैठकीत कुणी ‘अशी ही बनवाबनवी’चा विषय काढला तर पाणी प्यायच्या निमित्ताने उठावे. १९८८चा हा लाडका सिनेमा १९६६च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे, हे महाराष्ट्रात मोठ्याने सांगणाऱ्याला पुढच्या बैठकीचे बोलावणे येत नाही.

६. पुस्तक आणि नाटकवाल्यांपासून अंतर

२०१५मध्ये सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ पाहून भारावलेल्या तरुणांना घराघरांत एकच प्रश्न झेलावा लागला : ‘वसंतरावांना ऐकलंयस का तू?’ वसंतरावांनी गाजवलेले मूळ नाटक १९६७चे. प्रश्न विचारणाऱ्याने तरी ते प्रत्यक्ष पाहिले होते का, हे विचारणे उद्धटपणाचे ठरते. सिनेमातल्या खाँसाहेबांना आवाज वसंतराव देशपांडे यांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे, एवढी माहिती दिली की प्रश्नकर्ता ‘तरीच’ म्हणून मान डोलावतो. दोन्ही पक्षांचा मान राहतो.

‘तुंबाड’च्या बाबतीत वाचकाचीच फजिती. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण देणारे, म्हणून जगबुडीच्या काठचा खोतांचा गोतावळा भेटेल या आशेने गेलेल्यांना भेटला भयपटातला हस्तर. कथेची प्रेरणा नारायण धारपांकडची. ज्याने दोघांपैकी कोणालाच वाचलेले नव्हते, तो काय तो निवांत घाबरला.

७. पुरस्कारप्राप्त सिनेमा

‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर तो सर्वोच्च मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’ उजाडावा लागला, आणि त्यापुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. ही यादी पाठ करावी. पाच नावे सलग म्हणता आली की त्यातले किती पाहिलेत हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘श्यामची आई’ म्हणावे आणि डोळे पुसावेत.

पाहायचाच असेल तर ‘कोर्ट’ पाहावा, पण खुर्ची न सोडता. सुटी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चतुर प्रेक्षक इथेच उठतो, कारण त्याला पार्किंगची रांग टाळायची असते. मग सुरू होतो सहलीचा प्रसंग. एका लोककलावंताच्या स्वातंत्र्याचा निकाल ज्यांच्या हाती होता, ते न्यायाधीश रिसॉर्टच्या बाकावर डुलक्या घेत आहेत. पोरे येऊन त्यांना दचकवतात, ते हाताला लागलेल्या एकाला चपराक देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. सिनेमाने इतका वेळ जे सांगितले, ते सगळे त्या चपराकीत येते. चतुर प्रेक्षक त्या क्षणी बेसमेंटमध्ये असतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘शेवटच नाहीये त्याला’ असे सांगत असतो.

८. मत मागे घेण्याची पद्धत

सिनेमे बदलत नाहीत. त्यांच्याविषयी आपण पूर्वी काय बोललो ते मात्र बदलावे लागते. १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली होती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. नाके मुरडणाऱ्यांना सावरून घ्यायला भरपूर वेळ मिळाला, म्हणायचे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’च्या प्रेक्षकांना मात्र घाई करावी लागली. १२ ऑक्टोबर २०१८ला तो आला, बऱ्याच ठिकाणी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर चालला आणि गेला. १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. आज ज्याला विचारावे तो ‘मी तेव्हाच थिएटरात पाहिला होता’ म्हणतो. हे सगळे तेव्हा खरोखरच गेले असते, तर सिनेमाला दुसऱ्यांदा यायची गरजच पडली नसती.

पण ज्याला हा दावा करायचाच आहे, त्याने ‘दृश्यम’मधल्या विजय साळगावकरचा आदर्श ठेवावा. पणजीचा सत्संग, पावभाजी आणि २ ऑक्टोबर ही तारीख त्याने हॉटेलवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत इतक्या जणांच्या डोक्यात बसवली की साक्ष देताना त्यांच्यापैकी कोणालाही आपण चुकतोय असे वाटले नाही. त्याच धर्तीवर घरात अधूनमधून विषय काढत राहावे : शुक्रवार होता, पाऊस पडून गेला होता, येताना पावभाजी खाल्ली होती. दोन-तीन महिन्यांत बायकोलाही पावभाजी आठवू लागेल. खबरदारी एकच. ‘तुंबाड’ला प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र होते. तेव्हा दुसरीत असलेल्या मुलाला साक्षीला उभे करू नये. त्या रात्री तो आजीकडे झोपायला गेला होता, हे आधीच आजीशी बोलून ठेवावे.