मा. ब्लूटूथ साहेबांस वाशीमकरांचा जाहीर अर्ज

प्रति,
मा. ब्लूटूथ साहेब,
मु. प्रत्येक मोबाईल, पो. टास्कबार, उजवा कोपरा.

विषय: पासबुकाचा फोटो मोबाईलमधून कॉम्प्युटरवर न पोहोचल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, आपण आणि वाशीम जिल्हा एकाच सालचे. मे १९९८मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्यांनी आपला संघ जाहीर केला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला. आपण थोडे थोरले, म्हणून जिल्ह्याने आजवर निमूट सोसले. आपले नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून ठेवले. त्याने म्हणे डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले. काउंटरच्या अल्याडचा मोबाईल आणि पल्याडचा कॉम्प्युटर जोडायची वेळ त्याच्यावर आली नाही, हे त्याचे नशीब.

रिसोड, मालेगाव, कारंजा, कुठलेही ऑनलाईनचे दुकान घ्या. सोयाबीन पाण्यात गेलेले, नुकसानीचे कागद द्यायचे, आणि खुर्चीवरचे काका मोबाईल पुढे धरून म्हणतात, “भाऊ, गेलं म्हणून राहिला हा.” पोऱ्या स्क्रीनकडे बघतो. “काका, इकडं काहीच येऊन नाही राहिलं.” दोन्हीकडे ‘पेअर्ड’ लिहिलेले असते. पण सोयरीक जुळली म्हणजे लग्न लागले असे नव्हे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर आधी ‘रिसिव्ह अ फाईल’ दाबून त्याला वाट बघत बसवावे लागते, मगच मोबाईलवरून पाठवायचे. ते न केल्यास आपण ‘फाईल पाठवता आली नाही’ एवढेच सांगता. का आली नाही, हे गुलदस्त्यात! एवढा गुळमुळीत शेरा तर तहसीलच्या फायलीवरही नसतो.

आपल्या अडचणी अर्जदारांना ठाऊक आहेत. दुकानातला वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतो, त्याच पट्ट्यात आपल्यालाही ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत वाट काढावी लागते. वेग बेताचाच. पासबुकाचा फोटो चटकन जातो. शेतातला १०० एमबीचा व्हिडिओ मात्र सहा-सात मिनिटे खातो, आणि तेवढ्यात फोन आला की काका मोबाईल कानाला लावून रस्त्यावर. पुण्याहून आलेल्या लेकाच्या आयफोनची तर बातच नको: त्यावरून हेडफोन जोडता येतो, विंडोजला फोटो मात्र आपल्यामार्फत जात नाही.

लोकांनी पर्याय शोधले. शेअरइट आणि झेंडर होते, त्यांच्यावर २९ जून २०२० रोजी सरकारने बंदी घातली. त्याच वर्षी गुगलचे निअरबाय शेअर आले. २०२३ मध्ये ते विंडोजवर पोहोचले, २०२४ मध्ये त्याचे नाव क्विक शेअर झाले. हे चिरंजीव ओळखपाळख करायला आपल्यालाच पुढे घालतात आणि ओझे वाय-फायच्या पाठीवर देतात. तेही अडतात, बहुधा मोबाईल आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या नेटवर्कवर असले की.

शेवटी पोऱ्या म्हणतो, “काका, व्हॉट्सॲप करा ना.” खरी तक्रार इथेच आहे. चार फुटांच्या काउंटरपलीकडे जायचा फोटो कुठल्या कुठल्या सर्व्हरची यात्रा करून येतो, वाटेत दाबला जाऊन खाते क्रमांकाचा ८ आहे की ३ ते कळेनासे होते. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसा होत नाही, पण हे सांगायला सवड कुणाला?) आणि गावभरची आधार कार्डे, पासबुके दुकानदाराच्या चॅटमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात. आपण नीट चालला असता, तर कागद थेट समोरच्या कॉम्प्युटरवर गेला असता, इंटरनेटविना.

सबब विनंती की, फाईल नाकारताना कारण लेखी द्यावे, आणि कॉम्प्युटर तयार नसेल तर तसे मोबाईलवर मराठीत सांगावे.

कळावे,
खुर्चीवर ताटकळलेले समस्त गिऱ्हाईक, जि. वाशीम

प्रत माहितीस्तव: मा. यूएसबी केबल. (आपल्यापैकी ज्यांच्यात फक्त चार्जिंगच्याच तारा आहेत, त्यांनी हसू नये.)