ढिल्या पात्याची थोरवी

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. घडीच्या चाकूचं पातं हललं, की सालीतली चीर वाकडी जाते. मग अडाणी कलमवाला काय करतो? रिव्हेट लोखंडावर टेकवतो, हातोडीचे दोन हलके ठोके देतो, तेलाचा थेंब सोडतो आणि कामाला लागतो. केवढा हा उतावीळपणा! वरूड तालुक्याला शोभणारी रीत अशी: आधी पाहणी, मग समिती, मग रिव्हेट बळकटीकरण प्रकल्पाचं भूमिपूजन; नारळ फोडायला पाहुणे मुंबईहून. तोवर पातं वाऱ्यासोबत कलत राहील, सबब ते सर्वपक्षीय समजावं. संत्रा प्रक्रिया कारखान्यासाठी आम्ही हाच राजमार्ग धरला आहे. कारखाना होईतो बाग तोडायची पाळी आली; त्याला मात्र चाकू पुरत नाही. त्यासाठी कुऱ्हाड आणली. तिचा दांडा पक्का आहे.