श्रीखंडाशेजारी सोल्डर पेस्ट!

ऐकलंत का? कोथरूडातल्या एका चांगल्या शिकल्यासवरल्या घरात फ्रिज उघडला, तर श्रीखंडाच्या डब्याला खेटून सोल्डर पेस्टची डबी! विचारलं तर चिरंजीव म्हणतात, "ती थंडच ठेवावी लागते." लागते हो, नाही कोण म्हणतंय? पण आत शिसं आहे, फ्लक्स आहे. तिला बिऱ्हाड वेगळं नको?

एका घरापुरतं असतं तर आम्ही तोंड उघडलं नसतं. पण घरच्या घरी सर्किट बोर्ड जोडायचं हे खूळ घरोघर शिरलंय. पूर्वी डिप्लोमाला प्रवेश मिळाला की पुण्याची पोरं तपकीर गल्लीत जायची, मुंबईची लॅमिंग्टन रोडला. सोल्ड्रॉनचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेतलं की वर्ष निघायचं. आता तापमानाचे आकडे दाखवणारं सोल्डरिंग स्टेशन हवं!

त्या स्टेशनांच्या घराण्यातही भानगडी आहेतच. जपानच्या हाक्कोचं ९३६ घ्या. त्याच्या इतक्या नकला निघाल्या, की मूळ कंपनीनं ते बनवायचं थांबवलं तरी नकलांचा वंश सुखात नांदतोय. स्वस्तातली नक्कल घेतलीच, तर प्लग लावण्याआधी मीटर काढा आणि आयर्नच्या बिटाच्या टोकापासून अर्थिंगच्या पिनेपर्यंत जोड आहे का ते बघा. आतली वायर जोडायची राहून गेलेले नग निघतात, आणि पाहुण्यांना चहा दिला जातो त्याच टेबलावर ते मांडले जातात!

खरा कहर बिटाचा. पार्ट बारीक म्हणून सगळ्यांना बीटही सुईसारखं टोकदार हवं. त्या टोकातून उष्णता उतरत नाही, म्हणून साहेब तापमान ४५० अंशांवर नेतात. मग फ्लक्स जळतो, बीट काळं पडतं आणि बोर्डावरचं तांबं पापुद्र्यासारखं सुटून येतं. आणि दोष कुणाला? मशीनला! दोनेक मिलिमीटरचं चपटं बीट, ३५० च्या आसपास तापमान आणि भरपूर फ्लक्स एवढ्यावर बहुतेक काम होतं. पण फ्लक्सच्या सिरिंजचा फोटो ग्रुपवर टाकून कोण मिरवणार?

शिशाचीही कुजबूज आहेच. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना वितळते. बिनशिशाची नेहमीची तार २१७ च्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. युरोपानं २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालातून शिसं हद्दपार केलं, पण शिकाऊ हाताला अजून तेच सोपं जातं. काम झालं की साबणानं हात धुवायचे आणि त्या टेबलावर खायचं नाही. वर उठणारा धूर शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या राळेचा असतो. पण तोही दमा लावू शकतो, तेव्हा पंखा धूर बाहेर ओढणारा हवा.

आता गरम हवेनं सोल्डर वितळवणारं हॉट एअर स्टेशन. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे दिसलं म्हणून पहिल्याच दिवशी ८५८ आणणारे आम्हांला ठाऊक आहेत. चिप काढायची असेल तर ते हवंच. पण ०८०५ मापाचे चार रेझिस्टर बसवायला? ते राहिले जागेवर, शेजारचा प्लास्टिकचा कनेक्टर मात्र वितळला. तेच पैसे आधी डोळ्यांवर घालावेत. ०४०२ मापाचा पार्ट म्हणजे एक मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद, शिंक आली की गायब! स्वस्त यूएसबी कॅमेऱ्यात हात हलल्यावर जरा वेळानं चित्र हलतं, आणि खोली कळत नाही ती नाहीच. दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या, त्याला ०.५ चं भिंग जोडा, म्हणजे खाली हात आणि बीट मावतील.

आणि पेस्ट वितळवायची भट्टी! एका सूनबाईंच्या नानकटाईच्या ओटीजीत परवा बोर्ड भाजले गेले. त्यात आता नानकटाई नाही, कधीच नाही! दुसऱ्यानं शहाणपणा करून टी-९६२ ही चिनी भट्टी आणली. तिच्या आत चक्क मास्किंग टेप! तापली की घरभर वास. घेणारे आधी ती टेप उचकटून कॅप्टॉन टेप लावतात, मग बोर्ड शिजवतात.

ताजी खबर तर याहून भारी. बीजीए चिपचे जोड पोटाखाली असतात, मायक्रोस्कोपला दिसत नाहीत. म्हणून एकाच्या डोक्यात आता एक्स-रे मशीन घोळतंय. आईला पाहुण्यांची खोली रिकामी करायला सांगितलीय म्हणे. नागपूरच्या आत्यांनी यंदा गणपतीत लॉज बघावा, हे बरं!