कपावरून हात जोडणाऱ्या भाऊंना अनावृत पत्र

मा. भावी नगरसेवक भाऊ यांस,
सा. न. वि. वि.

('भावी' हे आपल्याच कपावरून उतरवून घेतले. आमच्या पदरचे काही नाही.)

माळीवाड्याला चहा घेताना आपले दर्शन घडले. हात जोडलेले, कपाळी टिळा, खाली मोबाईल नंबर. चहा फार गरम, म्हणून कपात कप घालून मागितला, तर आतल्या कपावरचे आपण दिसेनासेच झालात. बाहेरच्यावर माझा अंगठा नेमका आपल्या तोंडावर. नंबरचे शेवटचे दोन आकडे कपाच्या जोडात चिकटून गेलेत. म्हणजे आठ आकड्यांपर्यंत आपण जनतेच्या संपर्कात आहात. जिल्हा 2024 मध्ये अहिल्यानगर झाला, आपल्या कपावर अजून अहमदनगरच; साठा घाऊक घेतलेला दिसतो.

तरी कल्पनेला दाद द्यायला हवी. चौकातल्या फ्लेक्सकडे बघायला कोणाला सवड आहे? कप मात्र माणूस स्वतः पैसे मोजून ओठाला लावतो. चंडीगडला 2019 साली बाटाच्या दुकानाने नाव छापलेल्या पिशवीचे 3 रुपये लावले, तर गिऱ्हाईक थेट ग्राहक मंचात गेले. पैसे आम्हीच द्यायचे आणि जाहिरातही आम्हीच मिरवायची? मंचाला ते पटले. 3 रुपये परत मिळाले, वर भरपाई. नगरकर सोशिक. आम्ही फुंकर मारून पितो.

आता थोडे कायद्याचे. कप कागदाचा दिसला तरी आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा बोटांवर आला असता. असा थर दिलेल्या कप-ताटल्यांवर राज्य सरकारने जुलै 2022 मध्ये बंदी घातली. प्लॅस्टिकबंदी मोडली तर पहिल्यांदा 5 हजार दंड, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि 3 महिन्यांपर्यंत कैद. टपरीवाल्या बिचाऱ्याचे नाव कपावर कुठेच नसते. आपण मात्र मुद्देमालावर फोटो, नाव, नंबर स्वखर्चाने छापून दिलेत! तपासाला एवढे सहकार्य कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

जाहिरात शिकावी ती कापड बाजारातल्या जुन्या दुकानदारांकडून. बस्त्याबरोबर आलेली नावाची कापडी पिशवी दळणाला जाते, भाजीला जाते, बंद उसवला की घरात कोणीतरी टाके घालते, आणि पायपुसणे होईपर्यंत दुकानाचा पत्ता घरादाराला पाठ झालेला असतो. आपली कारकीर्द चार घोटांची. पुढे डबा, डबा नसेल तर गटार, आणि पाऊस झाला की सीना नदी. ज्या गल्लीत आपले पाऊल कधी पडले नाही, तिथेही आता आपण हात जोडून पडलेले असता.

विनंती एकच. पुढची खेप छापताना नंबर जोडापासून दोन बोटे अलीकडे घ्यावा. गटार तुंबली की फोन कोणाला करायचा, हे इतकी वर्षे कळत नव्हते. आता तुंबवणाऱ्या मालावरच नाव असते. अडलेय ते फक्त शेवटच्या दोन आकड्यांवाचून.

आपला,
एक चहाबाज मतदार