शून्य रुपयांच्या तिकिटावरचे हेर

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी माणूस असा असतो, की जो खून कुणी केला हे विसरतो, पण खून कुठं झाला हे मरेपर्यंत विसरत नाही. आमच्या शिराळ्यात हा मान आबांचा. आबांनी एस.टी.त कंडक्टरकी करण्यात उभा जन्म घालवला. त्यामुळं गोष्टसुद्धा त्यांना टप्प्याटप्प्यानंच समजते. कुठलीही रहस्यकथा काढा, नायिकेचं नाव आबांना आठवणार नाही. पण गुन्हेगाराची मोटार कुठल्या कोपऱ्यावर वळली, तिथून स्टेशन किती लांब आणि वाटेत थांबे किती, हे ते घडाघडा सांगतील.

"पण आबा, खून केला कुणी?"

"आसंल कुणीतरी. घावला न्हवं शेवटी? मग झालं तर!"

हा नाद शिराळ्यात आला तो गिरणीतून. एके काळी इथल्या घरटी एक माणूस मुंबईत असायचा, लालबाग-परळला नाहीतर डिलाईल रोडला. ही मंडळी नागपंचमीला गावी आली की ट्रंकेत वर बायकोचं पातळ, त्याखाली पोरांचा खाऊ आणि तळाशी बाबूराव अर्णाळकर. अर्णाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा तो छोटू, या मंडळींनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना कंदिलाच्या उजेडात जागवलं. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, पण कंदिलाच्या रॉकेलचा हिशेब समीक्षक कुठं ठेवतात? आबांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती या पुस्तकांत. नोकरीच्या निमित्तानं पुढं खरी मुंबई बघितली, तेव्हा ती त्यांना जरा कमीच वाटली. "उजेड लई हाय," एवढाच त्यांचा अभिप्राय.

मग टीव्ही आला. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची आणि सगळी गल्ली एका घरात बसायची. पुढं १९९८ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, आबांनी 'सीआयडी'ची एकनिष्ठ सेवा केली. त्यात काम करणारे शिवाजी साटम आधी बँकेत कॅशियर होते हे कळल्यावर तर त्यांची भक्ती दुप्पट झाली. "पैशाला हात लावल्याला माणूस हाय. त्यो पुरावा चुकायचा न्हाई." कंडक्टर आणि कॅशियर यांच्यात काही भाऊबंदकी असते, ती बाहेरच्यांना कळत नाही.

पण हे सगळं घरात बसून. आबा खऱ्या अर्थानं तपासाला बाहेर पडले ते २०२२ च्या ऑगस्टनंतर. सरकारनं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला, त्याला नाव दिलं 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं दिली, त्याच्या हातात हे तिकीट आलं आणि आबांच्या डोळ्यांपुढं सगळी मराठी रहस्यकथा नकाशासारखी उलगडली. फक्त एक अडचण होती. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. त्यामुळं कोलकात्याचे व्योमकेश बक्षी बाद. फेलूदाही बाद, आणि सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला'मुळं अवघ्या बंगालचं तीर्थक्षेत्र होऊन बसलेला तो जैसलमेरचा किल्लाही बाद. एस.टी. जिथवर जाते, तेवढेच हेर आबांच्या अधिकारक्षेत्रात.

आबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पुढच्या मार्चपासून बायकांचं अर्धं तिकीट लागू झालं. त्या एकदाही गेल्या नाहीत. "आपल्या गोठ्यातनं पेंडीचं पोतं कुणी नेलं, त्याचा तपास लावा आदी, मग येते," ही त्यांची अट. तपास दोन वर्षं प्रलंबित आहे.

आबांच्या तपासाची पद्धत ठरलेली. पांढरा शर्ट, धोतर, टोपी. खिशात एस.टी.ची जुनी डायरी आणि पंचांग वाचायचं भिंग. भिंगाचा उपयोग बसची पाटी वाचायला. ठिकाणावर पोचलं की आधी दार बघायचं, मग जिना, मग पळून जायला मागची वाट आहे का ते. मग डायरीत नोंद, आणि शेवटी समोरच्या टपरीवर चहा. त्या चहाचे पैसे 'तपासखर्च' या सदराखाली.

गिरगावात मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. काळापहाड नेमका कुठं राहायचा हे आबांना ठाऊक नव्हतं, पण तो चाळीत राहिला असणार आणि चाळ गिरगावातच असणार, असा त्यांचा निष्कर्ष. जिथं उभं राहून हा निष्कर्ष त्यांनी मला समजावला, त्याच्या आसपासच्या निम्म्या चाळी जाऊन टॉवर झालेत आणि जमिनीखालनं मेट्रो पळते. शेवटी एक चाळ सापडली. लाकडी कठडे, जिन्याची मधली पायरी झिजून खोलगट झालेली, गॅलरीत वाळत घातलेली चादर. आबांचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला. पहिल्या मजल्यावर एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आबांनी टोपी नीट केली आणि नमस्कार घातला.

"आजी, हितं काळापहाड म्हणून कोण ऱ्हात हुतं का?"

आजींनी सूप खाली ठेवलं. "कितव्या खोलीत?"

"त्येच बघाया आलोय."

"पागडी कोणाच्या नावावर होती? तुम्ही वारस का?" आणि आतल्या बाजूला वळून, "अरे बाहेर ये बघू, तेवीस नंबरवर आणखी एक हक्क सांगायला आलाय!"

आतून पायजम्यातले तीन पुरुष बाहेर आले. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या चाळीत अनोळखी माणसानं जुन्या भाडेकरूची चौकशी करू नये, हे कुठल्याच हेरकथेत लिहिलेलं नाही. आबा मागच्या वाटेनं खाली आले. ती वाट त्यांनी आधीच हेरून ठेवली होती, हे मात्र मान्य करायला हवं.

गोरेगावच्या चित्रनगरीत तर फाटकाच्या आत पाऊलच पडलं नाही. पास नव्हता. पण वॉचमन निघाला चरणचा, म्हणजे आपल्याच तालुक्यातला. मग पाऊस, वारणा धरण, ऊस कुठल्या कारखान्याला घालता इथपर्यंत गप्पा रंगल्या. निघताना आबांनी हळूच विचारलं, "त्यो सीआयडीतला दया दारं तोडतोय, त्यातलं येकांदं हितं हाय का?" वॉचमननं गंभीरपणे सांगितलं, "माझ्या डूटीत तर कुणी तोडल्यालं न्हाई बगा." आबांनी हे तसंच डायरीत उतरवलं, साक्षीदाराचा जबाब म्हणून.

पुण्याला आबा गेले ते फास्टर फेणेसाठी. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यात, हे मराठी मुलांना पाढ्यांइतकं पाठ. १९८७ च्या मालिकेत तो सुमीत राघवन होता, २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ. स्वारगेटला एस.टी.तून उतरल्यावर आबांना कळलं की अमृत सवलत शहराच्या बसला चालत नाही. पूर्ण तिकीट काढावं लागलं. हा घाव ते अजून विसरलेले नाहीत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्या उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत गेला, त्याचं नाव त्यांनी पेपरात वाचलं होतं, तरी माणूस उत्साहानं फुरसुंगीत उतरला आणि पारावरच्या मंडळींना विचारता झाला, "फेण्यांचं घर कंचं?"

"कुठले फेणे? जागा विकायची आहे का त्यांची?"

गिरगाव काय, फुरसुंगी काय, हेराचा पत्ता विचारला की समोरचा जागेच्या भावावर येतो. शहराजवळच्या जमिनीला आता एवढंच एक रहस्य उरलंय. आबांनी गावाच्या पाटीचा फोटो काढला आणि परत फिरले. राज्याच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय याच पुण्यात आहे, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्यांनी मला लहान मुलाकडं बघतात तसं बघितलं. "ते सरकारी असंल. आमचं मुंबईत हाय."

आता यात आबा एकटे वेडे, असं समजू नका. त्यांचा पुतण्या लंडनला नोकरीला आहे. त्यानं बेकर स्ट्रीटवरच्या २२१ बी नंबरच्या, म्हणजे शेरलॉक होम्सच्या घराच्या दाराचा फोटो पाठवला. कॉनन डॉयलनं १८८७ साली शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी छापली, तेव्हा त्या रस्त्यावर एवढ्या नंबरापर्यंत घरंच नव्हती. पुढं १९३२ साली ज्या वित्तसंस्थेचं ऑफिस त्या आकड्यांच्या जागेत आलं, तिला होम्सच्या नावानं जगभरातून पत्रं येऊ लागली. त्या पत्रांना उत्तरं द्यायला संस्थेनं चक्क एक माणूस नेमला. १९९० मध्ये संग्रहालय निघालं, ते आहे २३७ आणि २४१ च्या मधे, पण दारावर २२१ बी. लोक पैसे देऊन रांगेत उभे राहतात. आबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तितं ज्येष्ठ नागरिकाला सवलत हाय का?"

आणि खरं सांगायचं तर शिराळकरांना आबांचं नवल वाटायचं कारणच नाही. नागपंचमीला आमच्या गावात एके काळी जिवंत नागांची मिरवणूक निघायची. परदेशी कॅमेरेवाले यायचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्याची गाठ शिराळ्याशी खऱ्या अर्थानं पडली ती उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, आणि ती मिरवणूक थांबली. गर्दी मात्र येतच राहिली. लांबून आलेली माणसं पेठ नाक्यावरनं वळून गावात शिरतात आणि पहिल्या भेटेल त्याला विचारतात, "नाग कुठं बघायला मिळंल?" तेव्हा त्यांना अंबामातेच्या देवळाची वाट दाखवायची, मातीचा नाग दाखवायचा, पूर्वी इथनं मिरवणूक कशी जायची ते हातवारे करून सांगायचं, हे काम गावात कोण करतं? आबाच. त्या दिवशी डायरी घरी असते. गर्दीतल्या एकालाही ते रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत.

तेव्हा उद्या तुमच्या चाळीसमोर, वाड्यासमोर किंवा सोसायटीच्या फाटकाशी एखादा टोपीवाला म्हातारा भिंग घेऊन तुमच्या दाराकडं बघत उभा असला, तर पोलिसांना फोन करू नका आणि बिल्डरचा माणूस समजून अंगावरही जाऊ नका. चहा द्या, आणि तो विचारील त्या हेराचं घर बेधडक दाखवा. नंबर चुकला तरी चालेल.